दिवसा तोफा, सांजेला भुतं

औशाच्या किल्ल्यात जाणार असाल तर आधी एक काम करा. बुरुजावर चढा, तिथल्या तोफेजवळ उकिडवे बसा आणि नजर तिच्या तोंडापासून मागच्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. तोफ ओतीव असेल तर अंग सलग, गुळगुळीत आणि कुठेकुठे हिरवट दिसेल. गावकरी तिला पंचधातूची म्हणतील. घडीव लोखंडाची असेल तर अंगभर कडी दिसतील, एकाला एक चिकटलेली, मनगटापासून कोपरापर्यंत चुडा भरलेल्या हातासारखी. ही कडी नक्षीसाठी नाहीत. तोफ मुळात त्यांनीच आवळून बांधलेली असते.

ती कशी घडवत ते कळलं की किल्ला वेगळा दिसायला लागतो, म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या काळी आपल्याकडे लोखंड मातीच्या लहान भट्टीत काढत. लोखंडाचा दगड आणि लोणारी कोळसा थरावर थर घालायचा आणि भाता मारत राहायचं. त्या आचेत लोखंड पाण्यासारखं वितळत नसे, भोकाभोकांचा मऊ गोळा होऊन बाहेर येई. तो घणाखाली घातला की कीट गळून पडे आणि कामाचं लोखंड हाती राही. जे पातळ होत नाही ते साच्यात ओतायचं कसं? म्हणून लोखंडी तोफ ठोकून घडवावी लागे. लांब पट्ट्या कडेला कडा लावून मांडायच्या, त्यांची नळी करायची आणि लालभडक तापवलेली कडी एकेक करून तिच्यावर चढवायची. कडं निवताना आकसतं आणि आतल्या पट्ट्यांना आवळून धरतं.

माझ्या लहानपणी गावात बैलगाडीच्या चाकाला धाव चढवत, तीही अशीच. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल होईपर्यंत तापायची. मग चौघं जण ती सांडशीने उचलून लाकडी चाकावर टेकवायचे, घण पडायचे आणि लगेच वरून पाणी. चर्र आवाज, वाफेचा लोट, जळक्या बाभळीचा वास. वाफ विरली की चाक आणि धाव एकजीव झालेली असायची. आम्ही पोरं लांब उभी राहून बघायचो. पुढे अनेक वर्षांनी बुरुजावर तोफेची कडी पाहिली तेव्हा तो वास आधी आठवला. तुमच्या घरात धाव चढवलेली पाहिलेलं कुणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांना सोबत न्या. तोफेपाशी उभं करून विचारा, हे कसं केलं असेल. कोणत्याही फलकापेक्षा ते चांगलं सांगतील.

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात असे तीन भुईकोट आहेत: कंधार, औसा आणि उदगीर. तिन्हींत तोफा आहेत आणि तिन्हींभोवती भुताखेतांच्या गोष्टी आहेत. एका दिवसात तिन्ही उरकायला जाऊ नका. एका दिवसाला एकच किल्ला पुरे.

नांदेडहून कंधार सुमारे पन्नास किलोमीटर. लातूरच्या रस्त्याला लागायचं आणि लोह्याहून आत वळायचं. एसटी मिळते, पण परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच स्टँडवर विचारून ठेवा. किल्ल्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजाला, तिसऱ्या कृष्णाला दिलं जातं. पुढे बहमनी, निजामशाही, मुघल आणि शेवटी हैदराबादचा निजाम असे धनी बदलत गेले. भोवती पाण्याचा रुंद खंदक आहे आणि आत शिरतानाच्या एका दरवाजाचं नाव लोहबंदी. लोह्यावरून यायचं आणि लोहबंदीतून शिरायचं, हा नावांचा योगायोग मला फार आवडतो. त्यावरून गावाची व्युत्पत्ती मात्र मांडायला जाऊ नये.

औसा लातूरपासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. उदगीरला लातूरहून दीड-दोन तास धरा. तिथे रेल्वेही जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरात नमवलं आणि दौलताबाद, अशीरगड असे किल्ले तहात मिळवले. त्या मोहिमेत मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता. तोच पुढच्या जानेवारीत पानिपतावर होता. हे मनात ठेवून उदगीरच्या बुरुजावर उभं राहा.

बुरुजांवर आणखी एक गोष्ट शोधा. काही बुरुजांच्या माथ्यावर मधोमध खुंट किंवा खाच असते आणि भोवती गोल चाकोरी. तोफ त्या खुंटावर बसवून चहूकडे फिरवता येई. तोफ जागेवर नसली तरी ही वर्तुळं दिसतात आणि मारा कुठवर पोचत असेल याचा अंदाज येतो. मागच्या टोकाकडे वरच्या अंगाला बत्तीचं भोक असतं. पोरं त्यात खडे कोंबतात, तेवढं करू देऊ नका. तोफेवर चढून फोटो काढणं, खिळ्याने नाव कोरणं, आवाज कसा येतो म्हणून दगडाने ठोकून पाहणं, सगळंच टाळा. वरचा तपकिरी गंज बहुधा शतकानुशतकं साचून घट्ट झालेला असतो आणि आतल्या लोखंडाची थोडीफार राखण करतो. तो खरवडला की नवी जखम होते. भक्तिभावाने तेल आणि शेंदूर लावणारेही असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, स्वतः मात्र लावू नका.

आता भुतांकडे.

माझी आजी कंधारच्या बाजूची. ती म्हणायची, "खंदकाकडं जायचं न्हाई, तिथं सात बाया ऱ्हात्यात." सात बाया म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या. आमच्या भागात किल्ल्याच्या गोष्टींत ही मंडळी पुन्हा पुन्हा भेटतात. पाण्यात आसरा किंवा पाय धरून ओढणारा गिऱ्हा, पिंपळावर मुंजा, वाट चुकवणारा चकवा, भुयारात धनावर बसलेला नाग, आणि किल्ला आहे म्हटल्यावर मुंडकं नसलेला एखादा शिपाई. लहानपणी मी यांना घाबरत होतो. मोठेपणी एकेका गोष्टीची जागा जाऊन पाहिली, तेव्हा आजी काय सांगत होती ते कळलं.

आसरा राहतात त्या ठिकाणी खंदकाचा काठ शेवाळलेला असतो आणि पाण्याचा ठाव लागत नाही. मुंजा असतो तो पिंपळ पडक्या विहिरीच्या तोंडाशी वाढलेला असतो आणि त्याच्या मुळ्यांनी विहिरीचं बांधकाम पोखरलेलं असतं. नागाच्या भुयारात खरोखरच साप निघतो. घोणस, नाग, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत, आणि गार, अंधाऱ्या, उंदरांच्या जागा त्यांना आवडतात. बारा वाजता झाडाखाली झपाटतं म्हणतात, ते भर उन्हाळ्यात आमच्याकडे कुणालाही होऊ शकतं; त्याला ऊन लागणं म्हणतात. ज्या आयांना मुलांमागे दिवसभर फिरणं शक्य नव्हतं, त्यांनी प्रत्येक धोक्याच्या जागेवर एकेक राखणदार बसवला. चारशे पावलांवरचा खंदक मूल विसरेल, सात बाया विसरणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं की किल्ल्यावर जाण्याआधी पायथ्याच्या आळीत थोडा वेळ काढा. पारावर किंवा चहाच्या टपरीवर एखादे तात्या, एखाद्या मावशी असतातच. त्यांना "इथं भूत आहे का हो?" असं विचारू नका. तसं विचारलं की एकतर ते हसण्यावारी नेतात, नाहीतर तुम्हाला हवी तशी गोष्ट रचून देतात. असं विचारा: "मावशी, तुमच्या लहानपणी किल्ल्यात कुठं जाऊ देत नव्हते?" एवढ्या एका प्रश्नाने पाण्याची खोल जागा, ढासळता जिना, आग्यामोहोळ लागणारी कमान आणि त्या प्रत्येकीची गोष्ट, सगळं एका दमात मिळतं. मी ते वहीत लिहून घेतो आणि शेजारी किल्ल्याचा ओबडधोबड आराखडा काढतो. गोष्टी ज्या ठिकाणी दाट होतात तिथे पाय जपून टाकतो.

औशाच्या किल्ल्यात याचा चांगला अनुभव येतो. तिथे एक दालन असं आहे की वर पाण्याचा हौद आणि हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात गारव्यासाठी किती विचार केला असेल बघा. आत उतरलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं. आपलंच पाऊल मागून आल्यासारखं ऐकू येतं, कुठेतरी थेंब पडतो, वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसतो. अशा जागी कुणी राहतं असं वाटलं तर त्यात वावगं काही नाही. एकट्याने उतरू नका. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, वेगळी बॅटरी ठेवा. पायरीवर आधी उजेड, मग काठी, मग पाय. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दारातच थांबा. वटवाघळांना बॅटरीने हुसकू नका, आणि विष्ठा साचलेल्या कोंदट खोलीत नाकावर रुमाल असला तरी रेंगाळू नका. ज्या भुयाराला दुसऱ्या बाजूने वारा येत नाही त्यात शिरूच नका. बंद विहिरीत उतरलेली माणसं वायूने बेशुद्ध पडतात, तेच भुयारातही होऊ शकतं. अशा मरणांवरूनच "आत गेलेली वरात परत आली नाही" अशा गोष्टी तयार होत असाव्यात असं मला वाटतं.

लोखंड आणि भूत यांचं नातं आपल्या घरातही आहे, आणि हे दोन्ही एकाच लेखात आणायचं खरं कारण ते आहे. बाळंतिणीच्या उशाशी कोयता किंवा विळा ठेवतात. उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकतात. हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार येते, टोकाला लिंबू टोचलेलं, आणि अक्षता पडेपर्यंत तो ती खाली ठेवत नाही. लोखंड जवळ असलं की बाधा होत नाही, हा भरवसा आपल्या आयाबायांना होता. आग, पाणी आणि घण सोसून निघालेली वस्तू ती, तिच्या वाटेला कोण जाणार? दख्खनचा हा भाग लोखंड जाणणाऱ्यांचा. नांदेडच्या सीमेपलीकडे निर्मळ आहे. त्याच्या परिसरातल्या कोनासमुद्रमला मुशीत पोलाद करत, आणि ते तलवारींसाठी इराणी व्यापारी विकत घ्यायला येत. निजामाच्या पदरी असलेल्या रेमंड या फ्रेंच सरदाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस हैदराबादेत तोफा ओतण्याचा कारखाना चालवला. गनफाउंड्री हे तिथल्या वस्तीचं नाव त्यावरूनच. आणि आपल्या बाजारगावांत घिसाडी बायका आजही पालापुढे घण उचलताना दिसतात. पुरुष सांडशीत लोखंड धरतो, बाई घण घालते. किल्ल्यावरून परतताना आठवडी बाजार लागला तर त्यांच्याजवळ थांबा, एक खुरपं विकत घ्या आणि ते कसं घडतं ते शेवटपर्यंत पाहा. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.

कंधारला एक राखणदार दगडाचाही आहे. एका महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे त्या परिसरात सापडले आहेत. मूर्ती सबंध असताना केवढी असेल याचा विचार अवयवांच्या तुकड्यांवरून करावा लागतो. क्षेत्रपाल म्हणजे त्या भूमीचा राखणकर्ता, दिसायला उग्र, भुताखेतांचा धनी. त्याला नारळ द्यायचा आणि मग शिवेच्या आत यायचं. किल्ल्याच्या दारात नवस बोलणारे, शिवेवर लिंबू उतरवणारे लोक दिसले तर त्यांच्याकडे कुतूहलाने रोखून पाहू नका. हजार वर्षांमागे कुणीतरी हेच काम दगडात, माणसाच्या कित्येक पट उंच करून ठेवलं होतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. औसा तालुक्यातच किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत, भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं दगडमातीच्या घरांखाली गेली. हजारो माणसं मेली. पुनर्वसनात गावं दुसरीकडे वसली आणि जुन्या जागा ओस पडल्या. ओस जागा म्हटली की रात्री हाका ऐकू येतात, दिवे दिसतात असं बोललं जातंच. अलीकडे तरुण मुलं कॅमेरे घेऊन पडक्या जागी रात्री भुतं शोधायला जातात. किल्लारीच्या बाजूला कुणी हा खेळ करू नये. ज्यांची माणसं त्या मातीत आहेत ते अजून शेजारच्या गावात राहतात, आणि ज्याला तुम्ही हाक म्हणाल ते त्यांच्यासाठी एखाद्या लेकराचं नाव असतं. जायचं असेल तर दिवसा जा, स्मृतिस्तंभापाशी उभे राहा, कुणी आपणहून बोललं तर ऐका आणि रेकॉर्डिंग बंद ठेवा.

गोष्टींची आणखी एक काळी बाजू आहे. किल्ल्यात फिरताना जमिनीत ताजे खड्डे, उखडलेल्या फरश्या, हळद-कुंकू आणि चिरलेली लिंबं दिसली तर ती गुप्तधनाच्या मागे लागलेल्यांची करणी समजा. कुणीतरी नाग पाहिल्याचं सांगतो, कुणीतरी मांत्रिक आणतो, आणि शेकडो वर्षं उभी असलेली भिंत रातोरात खिळखिळी होते. हात लावू नका, फोटो काढून पुरातत्त्व विभागाला किंवा पोलिसांना कळवा. धनाच्या शोधात अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि गोष्ट ऐकताना सांगणारा माणूस गावातल्या एखाद्या जिवंत बाईकडे बोट दाखवून तिला भुताळी म्हणू लागला, तर तिथेच वही मिटा. मुंजाची गोष्ट पोराला विहिरीपासून वाचवते. भुताळीच्या गोष्टीने बाई मारली जाते. दोन्हींना लोककथा म्हणून एकाच पिशवीत भरता येत नाही.

कधी जावं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तटावरचं गवत कमरेएवढं होतं आणि त्याखालचं भगदाड दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये काळा दगड इतका तापतो की बसता येत नाही. हिवाळ्यातही सकाळी लवकर पोचा आणि दिवस मावळायच्या आत बाहेर या. पाणी घरून न्या, पायात बूट घाला, भडक अत्तर लावू नका, कारण मोहोळं डिवचली जातात. भाकरी, ठेचा आणि कांदा बांधून घेतला तर जेवणाची चिंता नाही. नांदेडला मुक्काम असेल तर सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसा.

मार्गशीर्षातली अमावास्या मात्र पंचांगात पाहून ठेवा. त्या सुमारास लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि कंधारकडे जाणारा रस्ता गाड्या-जनावरांनी भरून वाहतो. त्याच अमावास्येला लातूर जिल्ह्यात येळवस, म्हणजे शेतात साजरा होणारा सण असतो. दुकानं बंद, हॉटेलं बंद, शहर ओस, कारण सगळे शेतात. किल्ला त्या दिवशी राहू द्या. कुणा ओळखीच्याच्या शेतात जा, आंबील प्या, भज्जी खा. एरवी अमावास्येला पोरांना उंबऱ्याबाहेर जाऊ न देणाऱ्या आज्या त्या दिवशी नातवंडांना घेऊन दिवेलागणीपर्यंत रानात असतात, आणि अंधार पडताना गवताचा पेटता टेंभा घेऊन कुणीतरी पिकाभोवती पळत असतं.

बाकी दिवशी, किल्ला पाहून झाला की लगेच गाडीत बसू नका. सकाळी ज्या मावशींना विचारलं होतं त्यांच्याकडे परत जा. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, तोफेला किती कडी मोजली ते सांगा. सकाळी त्यांनी अर्धी गोष्ट सांगितलेली असते. उरलेली अर्धी त्या आता सांगतात, चुलीला फुंकर घालत, मध्येच नातवाला आत बोलावत. मी एकदा असाच बसलो होतो. निघताना अंधारलं होतं, तर मावशींनी कोनाड्यातला गंजका खिळा काढून माझ्या खिशात घातला आणि म्हणाल्या, "वाटंत पिंपळ लागतो. असू दे." तो अजून माझ्या गाडीत आहे.